शिरोलीतलं छोटं मशीनशॉप, ईआरपी घ्यावं का आधी दुसरं काही करावं?

शिरोली_सीएनसी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे, सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) टर्निंग, दोन व्हीएमसी (उभी मिलिंगची सीएनसी) आणि एक जुनं ड्रिलिंगचं एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेलं मशीन. काम सगळं जॉबवर्कचं, फाउंड्रीकडनं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याकडनं, रफ कास्टिंग (ओतलेला कच्चा नग) येतं, आम्ही मशीनिंग करून परत देतो, हब, फ्लायव्हील, पंपाच्या बॉड्या असला माल. शॉप थोरला भाऊ बघतो आणि मी बिलं, वसुली, पार्ट्यांचे फोन. दोन पाळ्यांत मिळून वीसेक माणसं.

त्रास असा की मशीनी नव्या आहेत पण बाकी सगळं वहीत आणि दादाच्या डोक्यात. फाउंड्रीतनं फोन येतो, "अमुक पार्ट किती तयार हाय, टेम्पो पाठवू काय", की मी खाली जाऊन दादाला विचारणार, दादा सेटरला (मशीनवर जॉब लावून देणाऱ्याला) विचारणार, सेटर पॅलेट मोजणार आणि मग मी परत फोन करणार, हे दिवसभर चालू. आणि मार्च आला की फाउंड्री स्टॉक जुळवायला घेते, त्यांच्या हिशोबात आमच्याकडं जेवढे नग शिल्लक तेवढे आमच्याकडं निघत नाहीत आणि फरकाची डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) आमच्या नावावर पडते. माल कुठं जात नाही हो, रिजेक्शनचे नग चलनाशिवाय टेम्पोत टाकून गेलेले असतात आणि त्याचा कागदच नसतो.

आता एकानं ईआरपीचं, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कोटेशन दिलंय. डेमोत सगळं लई भारी दिसतं, प्लॅनिंग, स्टोअर, क्वालिटी, पगार, मोबाईलवर ग्राफ. दादा म्हणतो एवढ्या पैशात एक चांगला सेटर वर्षभर येईल. ओळखीच्या दोन-तीन शॉपमध्ये जाऊन बघितलं तर ईआरपी आहे पण त्यातनं नुसती बिलं छापतात, उत्पादन परत वहीतच लिहितात. मला हे शॉप खरंच नीट चालवायचंय, ज्यांनी रोजच्या कामात कॉम्प्युटर-ऑटोमेशनचा उपयोग करून घेतलाय त्यांनी सांगा, सुरुवात कुठनं करावी आणि काय आत्ता अजिबात करू नये.

उद्यमनगरकर

भावा, तू सांगितलेले दोन्ही त्रास गेटवर सुरू होतात, तर काम पण गेटवरनंच सुरू कर. टेम्पो आत आला की माल उतरायच्या आधी चलनाचा फोटो आणि नग मोजून एक ओळ भरायची, पार्टी, पार्ट नंबर, चलन नंबर, तारीख, नग. बाहेर जाताना पण तसंच, फक्त बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ओळीत माल कुठल्या प्रकारचा ते लिहायचं: ओके, सीआर (कास्टिंगच खराब) का एमआर (मशीनिंगमध्ये बिघडलेलं). कास्टिंग रिजेक्शन फाउंड्रीच्या खात्यावर, मशीन रिजेक्शन आपल्या खात्यावर, हे दोन्ही एकाच पोत्यात गेलं की तू मेलास, कारण मार्चमध्ये ते सगळं मशीन रिजेक्शनच ठरतं.

म्हणजे समज ५०० नग आले, ४६२ ओके गेले, २३ सीआर, ५ एमआर, तर शिल्लक १० दिसली पाहिजे आणि ते १० फ्लोअरवर बोट दाखवून मोजता आले पाहिजेत. याला ईआरपी लागत नाही, गूगल शीट पुरते, पार्टीप्रमाणे शिल्लक आपोआप निघती. रोज संध्याकाळी ती शिल्लक फाउंड्रीच्या डिस्पॅचवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. हे सगळ्यात महत्त्वाचं बघ, फरक पडला तर त्याच आठवड्यात बोंब होते, तेव्हा टेम्पोवाल्याला पण आठवत असतं आणि गेटवरच्या माणसाला पण, मार्चमध्ये कुणालाच काही आठवत नाही.

मोजायला माणूस कंटाळतो हे खरं. लहान पार्टला नग मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा घे, दहा नग ठेवून एका नगाचं वजन शिकवायचं आणि मग क्रेट ठेवला की नग दिसतात. पण एक ध्यानात ठेव, रफ कास्टिंगचं वजन नगानगाला थोडं कमीजास्त असतं, त्यामुळं हे फिनिश मालाला चांगलं चालतं, मोठ्या रफ बॉडीला हातानंच मोजायचं.

आणि सीआर लिहिताना कास्टिंगवरचा हीट कोड, म्हणजे ते धातूच्या कुठल्या वितळणीतनं ओतलं त्याचा नंबर, लिहायचा. तुला वाटंल एवढं कशाला, पण ब्लो होल (आत हवेचं भोक) आणि सँड इन्क्लुजनचे (आत अडकलेल्या वाळूचे) नग एकाच हीटचे निघाले की फाउंड्रीचा क्वालिटीवाला वाद घालत नाही, उलट त्यालाच ती माहिती पाहिजे असती. आम्ही हे सुरू केल्यापासून सीआरवरनं भांडणं जवळजवळ संपली आणि पार्टी आमचा आकडा धरून चालती.

राजारामपुरी_अकाउंट्स

वरच्या दादांनी बरोबर जागेवर हात ठेवलाय, मी कागदाची बाजू सांगते कारण मी अशाच जॉबवर्कवाल्यांची खाती बघते.

जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षाच्या आत परत गेला पाहिजे असा जीएसटीचा नियम आहे, नाही गेला तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी तो विकला असं धरतात आणि फाउंड्रीवर टॅक्स बसतो. त्यामुळं ती माणसं शिल्लक नगांच्या एवढी मागं लागतात, त्यांना तुम्हाला त्रास द्यायचा नसतो. आयटीसी-०४ हा जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा फॉर्म त्यांनाच भरायचा असतो, उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, खाली असेल तर वर्षातनं एकदा. म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या अकाउंटंटचे फोन वाढतात. तुमच्या शीटमध्ये परत जाणाऱ्या प्रत्येक ओळीपुढं त्यांचा मूळ चलन नंबर असेल तर ते काम पाच मिनिटांचं होतं, नसेल तर दोन्हीकडची माणसं अख्खा दिवस कागद उपसत बसतात. एका चलनाचा माल तीन-चार खेपांत जातो ना, तिथंच सगळं फिसकटतं, म्हणून "कुठल्या चलनापोटी" हा एक कॉलम कधीच रिकामा सोडू नका.

बेळगावच्या फाउंड्रीचं काम घेत असाल तर अजून एक, राज्य बदललं की जॉबवर्कच्या मालाला किंमत कितीही असू दे ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाखाची आहे, त्या सवयीनं गाडी निपाणीकडं सोडली की अडकली.

आणि पैशाचं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे ना? असेल तर तो नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात, आणि २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून हे वेळेत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच मिळतो. याचा धाक फाउंड्र्यांच्या अकाउंट खात्यात आता चांगला बसलाय. पण दिवस मोजायचे कधीपासून? माल पोचल्यापासून. पोच घेतलेल्या चलनाचा तारखेसकट फोटो तुमच्याकडं असेल तर वसुलीचा फोन करताना आवाज वेगळाच लागतो. मी माझ्या पार्ट्यांना एवढंच करून देते, दर सोमवारी टॅलीतनं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधनं) कुणाचे किती दिवस झाले ती यादी काढायची आणि ३० दिवस उलटलेल्यांना एक सभ्य मेसेज बिलाच्या पीडीएफसकट. कुठलं नवीन सॉफ्टवेअर नाही, टॅली सगळ्यांकडं असतेच, फक्त ती यादी कुणी उघडत नाही.

गोशिरगाव_मेंटेनन्स

मी गोकुळ शिरगावात मेंटेनन्सला आहे, मशीनच्या बाजूनं सांगतो.

तुमच्या सीएनसीला मोजायची सोय आधीच आहे. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीनच्या कॉम्प्युटरवर) पार्ट काउंट असतो, प्रोग्राम संपला की एम ३० या शेवटच्या कोडला तो वाढतो, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) पण तिथंच दिसतो. पाळी सुरू होताना शून्य करायचा आणि पाळी संपताना त्या स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मशीन किती वेळ उभी होती ते तर तिथंच कळतं की, सायकल ४ मिनिटांची असेल तर आठ तासांत १२० नग व्हायला पाहिजेत, झाले ८०, म्हणजे १६० मिनिटं मशीन उभी होती. आता ती का उभी होती हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठलाच सेन्सर देत नाही, ते माणसालाच लिहावं लागतं. सेटिंग, इन्सर्ट (कापणारं टोक) बदल, कास्टिंग नाही, गेज नाही, क्रेन नाही, लाईट गेली, एवढी कारणं पुरतात.

मशीनवर सेन्सर लावून मोबाईलवर लाल-हिरवं दाखवणाऱ्या सिस्टीम मिळतात, वाईट नाहीत, पण आधी महिनाभर हाताने लिहा. बऱ्याच शॉपमध्ये निघतं काय की मशीनचा वेग हा मुद्दाच नसतो, सकाळच्या पाळीला पहिला पीस पास करून द्यायला कुणी नसतो म्हणून दोन-तीन मशीनी उभ्या. ते एका माणसाची वेळ अर्धा तास अलीकडं घेऊन सुटतं.

एक गोष्ट मात्र ताबडतोब करा, कॉम्प्रेसर. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीनी बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू करा, एअर कोण वापरत नाही तरी तो लोड घेणार, कारण गळती. किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (रिकामा फिरत) ते घड्याळ लावून लिहा. ३ मिनिटं लोड आणि ७ मिनिटं अनलोड असेल तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा नुसती गळतीय. ३ मिलिमीटरचं एक भोक ७ बारला साधारण साडेतीन-चार किलोवॅट खातं, ते पण चोवीस तास. प्रेशर गरज नसताना जास्त ठेवलेलं असेल तर १ बार कमी केला की वीज अंदाजे ६-७ टक्के वाचते, फक्त चकचं (जॉब धरणाऱ्या पकडीचं) क्लॅम्पिंग किती प्रेशर मागतंय ते बघूनच कमी करा, तिथं जोखीम घ्यायची नाही. आणि रात्री कॉम्प्रेसर आपोआप बंद करणारा टायमर बसवा, हे खरं ऑटोमेशन, काही हजारात होतं आणि पहिल्या बिलातच फरक दिसतो.

कागल_सेटर

मालक लोकांचं बोलणं वाचलं, आता आमच्या बाजूचं पण ऐका. मी पंचतारांकित एमआयडीसीत सेटर आहे, काऊंटरचा फोटो ग्रुपवर टाकायची पद्धत आमच्यात पण आली होती. पहिल्याच आठवड्यात ज्याचे नग कमी त्याला ग्रुपवरच सगळ्यांसमोर झापला. झालं, पुढच्या आठवड्यापासून कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी "सेटिंग" लिहायला सुरुवात केली, कारण सेटिंगवर कोण काय बोलू शकत नाही. आकडे रोज येत होते पण एक पण खरा नव्हता.

नंतर नवीन सुपरवायझर आले त्यांनी वेगळं केलं. रोज सकाळी पाळीच्या आधी दहा मिनिटं फळ्यासमोर उभं राहायचं आणि काल जे कारण लिहिलंय ते सोडवायची जबाबदारी कुणाची ते तिथंच ठरवायचं. मी लिहिलं "बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं) एकच हाय, दोन मशीनी थांबत्यात", दुसरं गेज आठवड्याच्या आत आलं. मग लोकं आपणहून खरं लिहायला लागली, कारण लिहिलं तर आपलं काम हलकं होतं हे दिसलं. म्हणून सांगतो साहेब, पहिलं मिळालेलं कारण मनापासून सोडवा, भले छोटं असू दे.

आणि मोबाईल अ‍ॅप देणार असाल तर मराठीत द्या आणि बटणं मोठी ठेवा. कूलंटनं भरलेल्या हातानं इंग्रजीत टाईप करायला कुणाला जमत नाही, जमणार पण नाही. आमच्यात ऑपरेटर फळ्यावर खडूनं लिहितो आणि पाळी संपल्यावर ऑफिसातली मुलगी फोटो बघून शीटमध्ये भरती, हेच सगळ्यात चांगलं चाललंय.

शाहूपुरी_गूळवाले

आपला धंदा वेगळा, मार्केट यार्डात गुळाची पेढी आहे, पण अनुभव जुळतो म्हणून लिहितो. आमच्याकडं हंगामात शेतकऱ्यांचे फोन म्हणजे पाऊस, सौदा झाला का, दर काय निघाला, पट्टी (विक्रीचा हिशोब) किती बसली. आता सौदा झाला की त्याच दुपारी प्रत्येकाला मराठीत एक मेसेज जातो, रवे (गुळाच्या ढेपा) किती, वजन किती, दर किती, खर्च वजा जाता रक्कम किती, आणि पट्टीचा फोटो. वजन काट्यावरनं थेट कॉम्प्युटरमध्ये येतं म्हणून हाताने आकडा लिहायची भानगड नाही, तिथंच पूर्वी चुका आणि संशय दोन्ही व्हायचे. फोन बंद झाले हे तर आहेच पण शेतकऱ्याचा विश्वास बसला ही मोठी गोष्ट, लांबलांबची गुऱ्हाळं आता आमच्याकडं माल धाडतात कारण त्यांना माहिती आहे संध्याकाळच्या आत हिशोब हातात येतो. तुमची फाउंड्री आणि आमचा शेतकरी, दोघांना पाहिजे एकच, विचारायच्या आधी उत्तर मिळालं पाहिजे.

शिरोली_सीएनसी

खरंच मनापासून आभार सगळ्यांचे, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. दादाला सगळं वाचून दाखवलं, कॉम्प्रेसरचं ऐकल्यावर तो लगेच तयार झाला, या सुट्टीला टेस्ट घेतोय. कागलच्या मित्रांचं पण त्याला पटलं, फळा आणायला सांगितलाय.

अजून दोन शंका आहेत. एक, सगळं गूगल शीटवर टाकलं आणि फोन हरवला किंवा कुणी चुकून ओळी पुसल्या तर? दुसरी, ईआरपीवाला रोज फोन करतोय, त्याला कायमचं नाही म्हणायचं का?

उद्यमनगरकर

फोन हरवला तर शीट जात नाही, ती खात्यावर असती. खातं मात्र फर्मच्या नावाचं काढ, कामावरच्या पोराच्या वैयक्तिक जीमेलवर ठेवू नको, तो सोडून गेला की पंचाईत. पुसलेल्या ओळी जुन्या आवृत्तीतनं परत आणता येतात, आणि कोण काय बदललं ते पण दिसतं. गेटवरच्याला फक्त फॉर्म दे, ओळ भरता येईल पण जुनी बदलता येणार नाही असा. आणि महिन्याच्या शेवटी एक प्रिंट काढून फाईलला लाव. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ताच बंद होता, तेव्हा ज्यांचा हिशोब ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरमध्ये होता ती माणसं घरी बसून नुसती फोनला उत्तरं देत होती की "उघडल्यावर सांगतो". तुझं शिरोलीतच आहे, हे डोक्यात ठेवूनच कर.

ईआरपीला नाही म्हणू नको, पुढं ढकल. सहा महिने शीट नीट भरली गेली की तुला स्वतःलाच कळंल कुठं शीट कमी पडतीय, आणि मग त्याला डेमो तुझ्या मालावर दाखवायला सांग. एका चलनाचे ५०० नग तीन खेपांत परत, त्यात सीआर-एमआर वेगळे, हे तुझ्यासमोर करून दाखव म्हणायचं. जमलं तर पुढं बोलायचं. त्याशिवाय तीन गोष्टी लेखी घे: सगळा डेटा एक्सेलमध्ये कधीही काढून मिळणार का, दरवर्षीचा खर्च किती आणि तो माणसामागं वाढतो का, आणि टॅलीत एंट्री आपोआप जाणार का परत हातानं मारायची.

राजारामपुरी_अकाउंट्स

त्यात एक जोडा, ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल. सध्या ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू आहे, १ ऑगस्ट २०२३ पासून. तुम्ही आज खाली असाल पण दोन व्हीएमसी वाढवल्या की जवळ जाल, तर ती सोय त्याच किमतीत आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. आणि बोरिंग, म्हणजे मशीनिंगमधनं निघणारा धातूचा चुरा, कोण विकतंय ते पण बघा, तुम्ही की फाउंड्री. जॉबवर्कमधला स्क्रॅप तुम्ही नोंदणीकृत असाल तर तुमच्याकडनं थेट टॅक्स भरून विकता येतो, नाहीतर फाउंड्रीनं विकायचा, पण काय ठरलंय ते करारात लिहा आणि बोरिंगचं वजन पण त्याच शीटमध्ये टाका, रफ वजन वजा फिनिश वजन काढलं की किती निघायला पाहिजे ते कळतं.

शिरोली_सीएनसी

बोरिंगचं डोक्यातच नव्हतं, आमच्यात ते फाउंड्रीच परत नेते पण वजन कुणीच लिहीत नाही, आता लिहू. एक तारखेपासून एकाच फाउंड्रीच्या मालावर गेटची शीट सुरू करतोय, ज्यांची चलनं सगळ्यात जास्त खेपांत फुटतात तीच पार्टी घेतली, त्यांच्या डिस्पॅचवाल्याशी बोलणं झालंय, तो म्हणाला रोज सहाच्या आत शिल्लक पाठवा, मी माझ्याकडची त्याच वेळी पाठवतो. ताई, तुमच्या त्या "कुठल्या चलनापोटी" कॉलमचा एखादा नमुना असेल तर इथंच टाका ना, आमच्यासारख्या बाकीच्यांना पण होईल.